हरेश्वरभाऊ आणि अठ्ठावीस दातांचे चक्र

कोणीही सायकल घेऊन दुकानात आले की हरेश्वरभाऊ आधी सायकलीकडे पाहत नसत. हातातला पाना खाली ठेवून ते म्हणत, "ती टेका भिंतीला. आणि त्या खांबापर्यंत चालून दाखवा." खांब विजेचा, समोरच चाळीसेक पावलांवर. मला हे प्रथम सांगितले गेले तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षे नोकरी झालेली. बोईसरजवळच्या सरावलीत, भर रस्त्यावर, पंक्चर काढायला थांबलेल्या चार कामगारांसमोर चालून दाखवणे ही माझ्या दृष्टीने जवळजवळ शिक्षाच होती. तरी चालले. परत आले तेव्हा ते म्हणाले, "पावलं लांब नायत तुमची. पण एकसारखी हायेत. चांगलं हाय."

सायकलीचा आणि चालण्याचा संबंध काय, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. मी मूळचीच भिडस्त. सायकल शिकले तीही अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, बोईसरच्या एका मैदानावर, पहाटे, कोणी पाहणार नाही अशा बेताने. टँकरांच्या रस्त्याची भीती वाटे, म्हणून मातीच्या वाटांवर चालणारी जाड टायरांची सायकल घेतली, आणि मोठ्या संकोचाने पालघरच्या रविवारच्या सायकल गटात नाव दिले.

हरेश्वरभाऊ मूळचे केळव्याचे. घरची सुपारीची वाडी भावांकडे सोपवून ते तरुणपणीच तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आले आणि लोखंडी पट्ट्या तयार करणाऱ्या एका कारखान्यात गिअरबॉक्सचे फिटर झाले. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी सायकलीचे दुकान टाकले. उंच, सडपातळ, लांब ढांगा टाकणारे, कमरेला कायम एक ओलसर फडके. पाळीवर जाणाऱ्या कामगारांच्या साध्या सायकली हे त्यांचे खरे काम. गिअरच्या सायकली नंतर येऊ लागल्या. पण दात कोणत्याही यंत्राचे असोत, त्यांना परके नव्हते. "मोटर बिचारी एका वेगानं फिरते," ते सांगत. "तिला काय वडायचं हाय ते बगून मधी दात बसवायचे. माणूस पण मोटरच. फक्त ही मोटर लाजते."

शेवटचे वाक्य माझ्याकडे न पाहता म्हटले होते, पण ते माझ्यासाठीच होते.

माझी अडचण एका टेकडीची होती. पालघरहून मनोरकडे जाताना मुख्य रस्ता सोडून एक कच्ची वाट वरच्या पाड्यापर्यंत चढते. गट तिथे महिन्यातून एकदा जाई. सारे वर पोचत, आणि मी मध्येच उतरून सायकल ढकलत येई. मी दिसताच वर थांबलेली मंडळी टाळ्या वाजवीत. "शाब्बास मॅडम!" त्या टाळ्यांत कुत्सितपणा मुळीच नव्हता, आणि म्हणूनच त्या मला सोसत नसत. लहान मुलाने सगळा भात संपवला की वाजवतात तशा त्या टाळ्या. अखेर मी मनाशी ठरवले की पुढच्या खेपेला उतरावे लागले तर सायकल विकून टाकायची. कारखान्याच्या सूचनाफलकावर लावायचा मजकूरही सुवाच्य अक्षरात लिहून पर्समध्ये ठेवला होता.

मात्र त्याआधी, सवयीप्रमाणे, अभ्यास केला. माझ्या सायकलीला पुढे एकच दातेरी चक्र होते, चौतीस दातांचे. मागे दहा, त्यांतले सर्वांत मोठे बेचाळीस दातांचे. पुढचे चक्र जितके लहान, तितका चढावर पाय हलका. पण सपाटीवरची गतीही तितकीच कमी. मागचा सगळा संच बदलून मोठा घ्यावा, तर खर्च निम्म्या सायकलीएवढा. गटाचे प्रमुख नाईकसर म्हणाले होते, "पुढचंच बदला, पण बत्तीसच्या खाली जाऊ नका, मॅडम. सपाटीवर पाय नुसते पंख्यासारखे फिरतील. अठ्ठावीस म्हणजे, माफ करा, आजीबाईंचा गिअर." मी आलेखाच्या कागदावर प्रत्येक जोडीचे गुणोत्तर मांडले आणि बत्तीसवर लाल वर्तुळ काढले.

हरेश्वरभाऊंनी तो कागद हाती घेण्यापूर्वी साबणाने हात धुतले. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "कागद बरोबर हाय, ताई. ज्याच्यासाठी लिवलाय तो माणूस दुसरा हाय."

"म्हणजे अठ्ठावीस घेऊ?"

"मी कुटं काय बोललो? तुमाला बत्तीस पायजे ना? बसवतो. पाय तुमचे." त्यांनी वाद घातला नाही. फक्त जाताना खडूचा एक तुकडा हातावर ठेवला. "टेकडीवर एकट्या जा. उतराल तिथं दगडावर खूण करा. मागं कुटं उतरायच्या, तिथं पण करा."

शनिवारी सुट्टी होती, गेले. चौतीस दातांनी जिथे उतरत असे त्या दगडावर रेघ मारली. बत्तीसने चढून दुसरी रेघ मारली. दोन रेघांत अकरा पावलांचे अंतर होते. मी ते दोनदा मोजले.

सोमवारी हा आकडा सांगताना माझा आवाज बहुधा उतरला असावा. त्यांनी "मी सांगितलं होतं" असे म्हटले नाही. त्यांनी ते कधीच कोणाला म्हटले नाही. मागे एकदा भारी सायकलवाला एक तरुण साखळी सटकते म्हणून चिडून आला होता, तेव्हाही ते शांतपणे इतकेच म्हणाले होते, "चढ लागायच्या आदी बदला, आनि बदलताना पाय सैल सोडा. जोर लावून बदलाल तर साखळी तरी काय करील?" मला त्यांनी विचारले, "रविवारी दुपारी येऊ का? चालायला?"

ते स्कूटरवरून आले. खांद्याला हत्यारांची पिशवी, पायांत कॅनव्हासचे बूट. चढाच्या पायथ्याशी म्हणाले, "हितं सायकल चालवायची नाय. बसून चालायचं. मी बाजूनं चालतो. माझी दोन पावलं, तुमचा पायडलचा एक फेरा. उजवं माझं, उजवं तुमचं." आम्ही निघालो. पहिल्या काही फेऱ्यांतच गोंधळ उडाला. माझा एक फेरा पुरा होईस्तो त्यांची दोन पावले होऊन तिसरे अर्धे पडलेले असे. पाय जुळवायला मी रेंगाळले की सायकल कलायची. "बगितलं? तुमी माझ्या पावलात बसत नाय. कारण दात जास्त हायेत, ताकद कमी नाय."

मग तिथेच, सागाच्या सावलीत, त्यांनी पिशवीतून अठ्ठावीस दातांचे चक्र काढले. ते कधी आणून ठेवले होते कोण जाणे. पेडलचा दांडा, म्हणजे क्रँक, काढली, चक्र बदलले, साखळीचे दोन दुवे कमी केले, उलटे-सुलटे फिरवून कान देऊन ऐकले. "लोक म्हणतात हलका गिअर. हलका म्हंजे कमी नाय. भाकर तेवढीच हाय, तोंड तेवढंच हाय. घास लहान करायचा, बास."

पुन्हा निघालो, आणि या वेळी पाय जुळले. त्यांचा उजवा पाय जमिनीला टेके तेव्हा माझा उजवा खाली जाई. मातीवर त्यांच्या बुटांचा आवाज आणि साखळीची बारीक टिकटिक एकाच ठेक्यात येऊ लागली. पहिली रेघ गेली. दुसरी गेली. मला धाप लागली होती, पण छातीत घाबरेपणा नव्हता. नेहमीचा तो 'आता उतरावे लागणार' हा ठोका पडत नव्हता. वळण दिसू लागले. आणि वळणाशी हरेश्वरभाऊ थांबले, कमरेवर हात ठेवून दम खात. मीही थांबले आणि उतरले.

"अवो! उतरलात कशाला?"

"तुम्ही थांबलात म्हणून."

 ते दगडावर बसून इतके हसले की त्यांना खोकला आला. "आता ह्याला गिअर नाय हां माझ्याकडं!" डोळे पुसत म्हणाले, "मी म्हातारा थांबलो. टेकडी थांबली काय? पाय कोणाला विचारून फिरवता तुमी?"

मला राग आला नाही. इतकी वर्षे मी कोणी थांबले म्हणून थांबत आले होते, कोणी पाहिले म्हणून उतरत आले होते. हे कोणी मला इतक्या मोकळेपणाने, माझा पाणउतारा न करता, दाखवले नव्हते.

गटाच्या फेरीला मी सर्वांत शेवटी निघाले. चढावर शेजारी कोणाची पावले नव्हती, पण ठेका पायांत होता. वळण ओलांडले. तिथून थोडे वर नाईकसर मोबाइल घेऊन उभे होते. "मॅडम, एक मिनिट थांबा! फोटो!" त्यांनी हात वर केला, आणि भिडेने माझा पाय खरोखरच सैल पडला. सायकल डगमगली. एका वडीलधाऱ्या माणसाने थांबा म्हटल्यावर न थांबणे मला येत नव्हते. "नंतर, सर," मी म्हणाले. आवाज माझाच होता. पाय फिरत राहिले, आणि मी त्यांच्या शेजारून, माणूस चालतो तेवढ्याच वेगाने, पुढे गेले.

वर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मंडळी अजून पाण्याच्या बाटल्या उघडत होती. कोणीतरी भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी न बोलता माझ्यापुढे धरली. परतीच्या सपाट रस्त्यावर मात्र माझे पाय पंख्यासारखे फिरले आणि मी सर्वांच्या बऱ्याच मागून पालघरला पोचले. नाईकसरांचे म्हणणे खोटे नव्हते. मला त्याचे काही वाटले नाही, एवढेच.

त्यानंतर जेमतेम पाच महिन्यांनी हरेश्वरभाऊ केळव्याला, भावाच्या घरी, झोपेतच गेले. दुकानाच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे. माझ्याकडून त्यांचे आभार नीट मानायचे राहून गेले. फेरीच्या दुसऱ्या दिवशी त्यासाठीच मी गेले होते, चार वाक्ये मनात घोळवून. ते एका कामगाराच्या सायकलीचे मागचे चाक काढत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारले, "उतरलात?"

"नाही."

पाना थांबला. ते उठले, फडक्याला हात पुसले, आणि त्या कामगाराकडे वळले. "ये मॅडम को देखो. पूरा टेकडी चढ गया. पाँव नीचे नहीं रखा."

"कौन सा टेकडी, चाचा?" कामगाराने कुतूहलाने विचारले.

मग हरेश्वरभाऊंनी त्याला ती वाट सांगायला सुरुवात केली. आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत, दोन्ही हातांनी चढ दाखवत, सुटे दगड कुठे लागतात, माती कुठे घसरते, साग कुठे आहे. वळण आले. त्या वळणापुढे ते कधी गेलेच नव्हते. पण ते थांबले नाहीत. "मोड़ के ऊपर तो एकदम दीवार है, दीवार!" हात थेट छपराकडे नेत ते म्हणाले. खरे तर वळणानंतर वाट पुष्कळच सौम्य होते. कामगार तोंड उघडे टाकून ऐकत होता, आणि हरेश्वरभाऊ एकावर एक चढ रचत होते. मी त्यांना दुरुस्त केले नाही. भिंतीला टेकून सारे ऐकत उभी राहिले. त्यांनी रचलेल्या त्या टेकडीवरही मी कुठेच उतरत नव्हते.