रक्त कमी आहे

आमच्या डॉक्टरबाईंना अठराच्या आतली, लग्न झालेली मुलगी दिसली की तिचं रक्त कमी दिसायचं. मग ती पोरगी डोक्यावर दोन आणि कमरेवर एक घागर घेऊन ताडताड चालत आलेली का असेना. बाई तिची पापणी खाली ओढायच्या, जीभ बघायच्या आणि खुर्चीत मागं रेलून थकल्या आवाजात सांगायच्या, "रक्त कमी आहे. वर्षभर नांदायला पाठवू नका." रेणापूरकडची माणसं माघारी त्यांना रक्तबाई म्हणायची.

लातूर नुकतंच उस्मानाबादपासून वेगळं होऊन जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर पाट्या लागल्या होत्या, खुर्च्या यायच्या होत्या, आणि पाऊस येण्याचं तर नावच नव्हतं. मी आरोग्यशिक्षक म्हणून नवाकोरा लागलो होतो. लोकांना शहाणं करायचं काम सरकारनं मला दिलं होतं. मला शहाणं करायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं.

बाई कधीकाळी सरकारी ट्रेनिंगला परदेशी जाऊन आल्या होत्या. तिथलं सांगताना त्यांचा आवाज आणखी थकायचा. "हॉलंडात पोरींना शाळेतच सगळं सांगतात. दिवस राहू नयेत म्हणून गोळी मागायला आली तर कुणी तोंड वाकडं करत नाही. म्हणून पोट पाडायची पाळी फार जणींवर येत नाही. अमेरिकेत निम्मे म्हणतात सांगा, निम्मे म्हणतात सांगू नका, आणि पोरी मधल्यामध्ये अडकतात."

"आणि आपल्याकडं?"

"आपण आधी लग्न लावतो. मग पंधराव्या वर्षी पोट आलं तरी पेढे वाटायचे. बिनलग्नाची अडकली तर काडी घालून पोट पाडणारी बाई गाठायची. दोघीही शेवटी माझ्याच टेबलावर येतात."

"मग आपलं राष्ट्रीय धोरण काय म्हणायचं, बाई?"

"सासू," बाई म्हणाल्या. "तिला पटवायचं. दुसरं धोरण माझ्याकडं नाही."

मला हे फारच मागासलेलं वाटलं. मी एका गावच्या पारावर हॉलंडवर भाषण ठोकलं. सगळं ऐकून घेतल्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "सायेब, त्या गावाला पान्याचं कसं हाय?" मी सांगितलं, तिथं पाणी इतकं, की समुद्राला बांध घालावा लागतो. "मग बराबर हाय," म्हातारा म्हणाला. "हितं पोरी शाळंत बसल्यावर घागर कोन उचलनार, तुमी?" लोक हसले. मीही हसलो.

त्याच उन्हाळ्यात नववी झालेल्या सुमनचं लग्न लागलं. दुष्काळात लग्न उरकून घेतलेलं बरं, पंगत लहान बसते. तिला दहावीची परीक्षा द्यायची होती. आईलाही ते हवं होतं, पण सासू न्यायला येऊन बसली, तशी आई दोघींना घेऊन दवाखान्यात आली. बाईंनी पापणी ओढली आणि म्हणाल्या, "रक्त कमी आहे."

माझ्याकडं तेव्हा रक्त तपासायची रंगांची पट्टी नवीनच आली होती. कागदावर थेंब घ्यायचा आणि पट्टीवरच्या लाल रंगांशी ताडून बघायचा. कुणी सांगितलं नसताना मी सुमनच्या बोटाला सुई टोचली, कागद उजेडात धरला आणि अभिमानानं जाहीर केलं, "बाई, रक्त उत्तम आहे."

सुमनच्या आईनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी कागद पाठीमागं लपवला. सासू पदर खोचून उठली. "मंग उद्याच नेते. हीर आटली आमची. मी येकली पानी वाहून वाहून बेजार झाले."

बाई माझ्यावर रागावल्या नाहीत. तेवढं त्राण त्यांच्यात नसावं. त्यांनी सासूला शेजारी बसवलं. "न्या. पोरगी धडधाकट आहे, हे साहेब खरं बोलले. पण आत्ता नेली तर पोळ्यापर्यंत दिवस राहतील. पोटुशीला घागर उचलू देता येईल का?"

"न्हाई."

"मग तिच्या वाटणीचं पाणी कोण आणणार?"

सासूनं खोचलेला पदर सोडला. मग सुमनच्या आईला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या विहीनबाई. हिरीला पानी आल्यावर बगू."

त्या वर्षी विहिरीला पाणी आलं नाही. जिल्हाभर लोक आभाळाकडं बघत होते. बाई पंख्याखाली बसून मला म्हणाल्या, "पाऊस लांबला तर बरं, असं मनात येतं बघा. सांगणार कुणाला?" सुमन परीक्षेला बसली, दुसऱ्या वर्गात पासही झाली. पेढे घेऊन आली तेव्हा बाईंनी सवयीनं तिची पापणी ओढली.

पुढं बाईंची बदली नांदेड जिल्ह्यात, इस्लापूरला झाली. निरोपाला मी हार आणला, तोही झेंडूचा, निम्मा वाळलेला. त्यांनी तो टेबलावर ठेवला. "तिकडं धबधबा आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "पाण्याची थाप चालायची नाही. नवीन शोधावी लागेल." एवढं बोलून त्या एसटीत चढल्या.

त्यानंतर कधीतरी सुमनची सासू दवाखान्याच्या दारात आली. सोबत तिची स्वतःची धाकटी लेक होती, हिरवा चुडा भरलेली, वेणीला शाळेची रिबीन.

"रक्तबाई हायत का?"

"बदलून गेल्या."

ती उंबऱ्यातच थबकली. लेकीचं मनगट तिनं घट्ट धरलं होतं. "हिच्या सासरचे न्यायला आलेत. भाईर बसलेत. तुमी तर खरंच सांगनार, सायेब."

मी पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली. पोरीची पापणी खाली ओढली. आत चांगलं लालभडक होतं. बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, पण शक्य तितक्या थकल्या आवाजात मी म्हणालो, "रक्त कमी आहे."