यादीतला लाल रंग

मी लाल रंगावर विसंबले, हा माझा गाढवपणा. तेव्हा मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. वय पन्नाशीचं, कॉम्प्युटरचा कोर्स नुकताच झालेला, त्यामुळे अंगात वारं शिरलेलं.

वीटभट्टीवरून कुटुंबं परतली की पोरं पार सुकलेली असायची. रजिस्टरात अशा पोराच्या नावाखाली आम्ही लाल पेनाने रेघ ओढायचो. लाल रेघ म्हणजे आधी या घरी जा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण जव्हार-मोखाड्यातल्या आमच्या प्रत्येक सेविकेला पाठ. मीही कॉम्प्युटरवर त्या ओळी लालभडक रंगवल्या. यादी बघून डॉक्टरांची गाडी पाड्यापाड्यावर धाडणाऱ्या आरोग्यवाल्यांचं सॉफ्टवेअर वेगळं, म्हणून दोन्हीकडे चालेल अशा साध्या फाईलीत यादी पाठवायचं ठरलं होतं: नुसती अक्षरं आणि मध्ये स्वल्पविराम. पाठवली. तिकडच्या ऑपरेटर बाईंना फोन केला.

"उघडली का हो?"

"मस्त उघडली, मॅडम. सगळी नावं आली."

झालं! "दोन खाती जोडली मी," असं चहावाल्यालासुद्धा सांगून आले. शहाणी!

तिसऱ्या दिवशी सूर्यमाळकडच्या पाड्यावरून सेविकेचा फोन. "बाई, भट्टीवरून आलेली ती दीड वर्षाची पोर डोळं उघडत नाय. डॉक्टरांची गाडी कवा येणार?"

गाडी तर तिथे पहिल्याच दिवशी जायला हवी होती! पुन्हा ऑपरेटर बाईंना फोन.

"लाल? इथे सगळं काळंच दिसतंय, मॅडम. तो पाडा यादीत शेवटी, म्हणून गाडीही शेवटी."

अशा फाईलीत रंग मावतच नाही, हे कोर्समध्ये सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा बहुधा पुढच्या बाकावरच्या बाईंच्या साडीचे काठ बघत होते.

आरडाओरडा करून गाडी पाड्यावर धाडायला लावली आणि दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहिले. बसवेना. रस्त्यापर्यंत जा, परत ये, पुन्हा जा. गाडी आली. पोरीला सलाईन लागलं. ऊन कलल्यावर ती एकदाची रडली, तेव्हा कुठे मी टेकले.

शेजारी तिची आजी. मी तिला सगळं कबूल केलं: फाईल, स्वल्पविराम, रंग. तिने ऐकून घेतलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली,

"तुझा कॉम्प्युटर लाल वळखत नाय तं नको वळखू दे, बाय. पण फाईल उघडली का, ते फोन करून इचारलंस. माझी नात कशी हाय, ते कुनाला इचारलंस?"