भेगेवरचं कॅलेंडर

खामगावात ज्या घरात आम्ही अकरा वर्षं भाड्याने राहिलो, तेच विकत घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद आईला झाला, कारण सामान हलवायचं नव्हतं. घरमालक कायमचे मुलाकडे पुण्याला निघाले होते. बाबा शाळेत क्लार्क, त्यामुळे कर्ज मिळण्यासारखं होतं. अडचण होती स्वयंपाकघराच्या स्लॅबची. मागच्या पावसाळ्यात त्याचा एक पोपडा थेट कणकेच्या परातीत पडला होता. तेव्हापासून आई एक डोळा तव्यावर आणि एक वर ठेवून पोळ्या करायची.

बँकेत कळलं की घराच्या कर्जातच दुरुस्तीचे पैसेही धरता येतात. खर्चाचा अंदाज जोडायचा, मग बँकेचे इंजिनिअर घर पाहून जाणार आणि दुरुस्ती गरजेची आहे असं त्यांनी लिहिलं पाहिजे. बाबांनी स्पष्टच सांगितलं, हे पैसे मिळाले तर स्लॅब आत्ता, नाहीतर पुढच्या वर्षी. आमच्या घरात पुढच्या वर्षी घ्यायच्या वस्तूंमध्ये माझी पाचवीतली सायकल अजून आहे.

फॉर्म मी भरला. मला इंग्रजी शाळेत घातल्याचा घरात तेवढाच उपयोग. शाळेत मराठी बोलायची मनाई होती आणि गल्लीत इंग्रजी बोललं की मैत्रिणी हसायच्या, त्यामुळे दोन्हीकडे गप्प बसणं मला सोयीचं वाटायला लागलं ते कायमचंच. कागदावर मात्र मी मोकळी असते. स्लॅबचं वर्णन मी इतकं करुण केलं की त्याचा अर्थ ऐकून बाबा म्हणाले, एवढ्या खराब घरात आपण राहतो हे मलाच माहीत नव्हतं.

इंजिनिअर साहेब शनिवारी येणार असा फोन आला आणि आईने दिवाळीसारखं घर आवरायला काढलं. स्लॅबच्या ओल्या डागांवर बाबांनी दोन हात डिस्टेंपर मारला. न्हाणीच्या कुजलेल्या दाराला नवा पडदा लागला. स्वयंपाकघराच्या भिंतीत स्लॅबपासून खाली आलेली लांब भेग होती, तिच्यावर स्टुलावर चढून कॅलेंडर मीच लावलं. आपण काय करतोय हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. पाहुणा येणार म्हणजे घर नीट करायचं, एवढंच आम्हाला ठाऊक.

साहेब अकोल्याहून मोटरसायकलवर आले. पन्नाशीचे, हसतमुख. चपला दारात काढल्या, सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली आणि पुढच्या खोलीत बसून पोहे दोनदा घेतले. घर फार छान ठेवलंय, असं ते म्हणाले आणि आई लाजली. मग मांडीवर फाइल ठेवून ते लिहायला लागले. मी समोर पाण्याचा ट्रे घेऊन उभी होते. टीचरच्या टेबलासमोर उभं राहून उलटं इंग्रजी वाचायची सवय मला शाळेतच लागली आहे. त्यांनी लिहिलं होतं की घराची अवस्था चांगली आहे, आणि पुढची ओळ दुरुस्तीची गरज नसल्याची होती. ती अजून अर्धीच होती.

मी बाबांकडे पाहिलं. ते समाधानाने पंख्याकडे पाहत होते. ट्रे खाली ठेवून मी कसंबसं म्हटलं, "काका, एकदा आत येता का?"

स्वयंपाकघरात जाऊन मी कॅलेंडर काढलं. दारामागचा जाळी काढायचा लांब झाडू त्यांच्या हातात दिला आणि वर बोट दाखवलं. "इथं ठोकून पाहा."

"काय करून राह्यली वं?" आई मागून म्हणाली. "पावण्याच्या डोक्यावर पाडतं का?"

साहेबांनी जरा बाजूला सरकून दांड्याने एकदाच ठोकलं. तळहाताएवढा पोपडा खाली आला आणि वर गंजलेल्या सळया दिसल्या. साहेब बराच वेळ हसले.

"वहिनी, एवढं सजवलं काऊन? बँकेले मोडकंच दाखवा लागते."

"पावणा येऊन राह्यला, अन् घर तसंच ठेवू का?" आई म्हणाली.

साहेबांनी झाडू ठेवून फाइल उघडली. त्यांनी ती ओळ खोडली आणि उभ्याउभ्याच नवी लिहिली.

पैसे मंजूर झाले, पण दोन टप्प्यांत. अर्धं काम पाहून साहेब सही करणार, मगच उरलेले मिळणार. ते पाहायला यायचे त्या दिवशी घरभर रेती, सिमेंटची पोती आणि जुन्या स्लॅबचा मलबा होता. कशाला हात लावायचा नाही, असं बाबांनी आईला सकाळीच बजावलं. ती पदराचं टोक पिळत खुर्चीवर बसून राहिली. साहेब धुळीत पावलं उमटवत आत गेले, फोटो काढले, सही केली. चहा मात्र तिने चांगल्या कपातच दिला.

त्यांची मोटरसायकल कोपऱ्यावर वळायच्या आत आईच्या हातात झाडू होता.