मामा बाहेर बसले

नम्रताच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली ती पोपटीच्या दिवशी.

रोह्याच्या बाहेर, वरसे गावाच्या अंगाला मिशनचं एक कॉलेज आहे. तिथे ती फिजिक्स शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितके पैसे आणि मे महिन्यात हाताची घडी. घर पेणजवळच्या गडब गावात. वडील मिठागरावर, आई हौसा शेतात, घरातली पहिली एम.एस्सी. हीच. पेणच्या क्लासवाल्यांनी तिला कायमच्या कामावर बोलावलं होतं. ती गेली नाही, कारण प्राचार्य फादर इनास दरवर्षी म्हणायचे, "थांबा हो नम्रता. पोस्ट निघाली की पहिलं नाव तुमचं."

फादर स्वभावाने गोड. इतके गोड की कुणालाच नाही म्हणणं त्यांना जमत नसे. भांडणारे दोघेही त्यांच्या केबिनमधून जिंकून बाहेर पडत. लॅबचं छप्पर मात्र गळतच राही.

शेवटी जानेवारीत पोस्ट निघाली. त्याच आठवड्यात कॉलेजच्या मागच्या माळावर स्टाफची पोपटी लागली. शिपाई गुणाजीने मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरली, मडकं उपडं घातलं आणि भोवती जाळ केला. शेंगांचा वास सुटला तशी फादरनी हाक मारली, "एल्विन, ये रे. तू उघड."

तिशीतला एक अनोळखी माणूस पुढे झाला. मडकं उघडून त्याने पहिल्या शेंगा उपप्राचार्य बाईंच्या पानावर वाढल्या.

"गुणाजीकाका, हा कोण?"

"पाहुणा हाय," गुणाजी जाळाकडे बघत म्हणाला.

"पाहुण्याला कुणी मडकं उघडायला लावतं का?"

"मॅडम, मी काय बोललो नाय."

"तुम्ही बोललातच कुठे?"

"तेच सांगतोय. मी काय बोललो नाय."

शेंगा सोलता सोलता एल्विन बेसावधपणे म्हणाला, "मामा, मीठ द्या जरा." फादरना जोराचा ठसका लागला.

त्या दिवसापासून नम्रताला कुणाचं हसणंही सरळ वाटेना. बाई आपणहून चहा पाजू लागल्या, तेही खटकलं. एके सकाळी एल्विन लॅबच्या खिडक्यांची मापं घेत होता. पडद्यांसाठी, म्हणाला. ऊन फार येतं.

घरी आईने ऐकून घेतलं आणि भाकरी उलटत विचारलं, "गो नमे, भाचाच घ्यायचा हाय तर तुला कशाला बोलावलाय?"

"एकट्याचा इंटरव्ह्यू चालत नाही, आई."

"व्हय? म्हंजे तू शोभेला."

"फादर खोलीत नसले तर बाकीचे शिकवण्यावर बोलतील. मी त्यांना बाहेर बसवणार."

"तुझा ऐकतील ते?"

याच प्रश्नाने ती आठवडाभर अस्वस्थ होती.

इंटरव्ह्यूच्या दिवशी ती खुर्चीत बसलीच नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "फादर, एक उमेदवार तुमचा भाचा आहे. तुम्ही बाहेर बसाल का?"

ते चिडतील, नियम विचारतील, याची सगळी तयारी तिने केली होती. फादर मात्र उठले. "बरोबर बोललात," म्हणाले, चष्मा उचलला आणि गेले. दारसुद्धा अलगद लावलं.

नम्रताला हायसं वाटलं, पण घटकाभरच. इतक्या सहज? तिने टेबलाभोवती पाहिलं. बाईंना उपप्राचार्याच्या खुर्चीत बसवलं फादरनी. शेजारचे दोघे कमिटीवर आले फादरच्याच शब्दावर. बाहेरून आलेले तज्ज्ञ मोबाईलमध्ये गुंग होते.

"गडबहून रोज झेपेल का हो?" बाईंनी विचारलं. "आणि लग्नाचं काय ठरलंय?"

फिजिक्सचा एकही प्रश्न आला नाही. निवड एल्विनची झाली.

ती थेट केबिनमध्ये गेली. फादरनी तिला बसवलं, पाणी दिलं. "मी तुमचंच नाव घेतलं असतं हो," ते हळहळले. "पण मी आत होतो कुठे? तुम्हीच तर बाहेर बसवलंत."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नम्रता निरखून बघत राहिली. ते खोटं असतं तर बरं झालं असतं. पण कुणालाच नाही म्हणावं लागू नये म्हणून या माणसाला कुणीतरी बाहेर काढायला हवंच होतं आणि ते काम तिने फुकटात करून दिलं होतं.

"आत असतात तर भाच्याला नाही म्हणाला असतात?"

"चहा घेणार?" फादरनी विचारलं.

"नको. उद्यापासून मी येत नाही."

फादर पहिल्यांदाच दचकले. "असं कसं? परवा प्रॅक्टिकल आहे. एल्विनला सगळं दाखवणार कोण?"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडचा तिकडे केला.

"एल्विनचं हे कधी ठरलं होतं, फादर?" नम्रताने विचारलं. "मला बोलावलंत त्याआधी की नंतर?"

फादरनी चहासाठी बेल दाबली.