चाऊमीनवरचं औषध

दादाराव वानखडे केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर. दिल्लीत चोवीस वर्षं झाली, पण त्यांच्या जिभेची वर्ध्याहून बदली काही झाली नाही. चाऊमीन त्यांना मनापासून आवडायचं. फक्त त्यावर बायकोच्या हातची जवसाची चटणी लागायची.

संध्याकाळी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरकडे परतताना ते बाजाराच्या कोपऱ्यावर डोल्माच्या ठेल्यापाशी थांबत. डोल्मा दार्जिलिंगकडची. तिची लाल चटणी खायला लोक पार द्वारका उपनगरातून येतात, असं ती स्वतःच सांगायची. अशा बाईसमोर घरची चटणी काढायची कशी? पहिल्याच दिवशी तिनं त्यांच्या हातातली डबी पाहिली.

"अंकल, ये क्या है?"

"दवा," दादाराव म्हणाले.

फायलीवर एकेक शब्द तोलून लिहिणारा माणूस. हा तेवढा तोलायचा राहिला.

डोल्मानं ते मनावर घेतलं. आजारी माणूस म्हणून त्यांच्या प्लेटमधली मिरची कमी केली. चाऊमीन मिळमिळीत लागलं, म्हणून दादारावांनी चटणी वाढवली. औषध वाढलेलं पाहून डोल्मानं सॉस बंद केला. मग लसूण. तीन वर्षांत प्लेटमध्ये उकडलेले नूडल्स आणि कोबी एवढंच उरलं. तरी ते रोज जात.

"काका, हे तुम्ही खाता कसं?" विनयनं एकदा विचारलं. विनय शेजारच्या ब्लॉकमधला, साहित्यात एम.ए. झालेला. सगळी हकिगत ऐकून त्यानं कपाळावर हात मारला. "यार काका, सांगून टाका ना."

"तिला काय वाटेल?"

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला भूक लागते," दादाराव म्हणाले.

मग एका मंगळवारी डोल्मानं प्लेट दिलीच नाही. वाटीभर पांढरं सूप पुढे ठेवलं.

"आज से चाऊमीन बंद, अंकल. आपकी दवा बढ़ती ही जा रही है." तिचे डोळे खरोखरच भरून आले होते.

दादारावांनी सुपाकडे पाहिलं. त्यात गाजराचा एक तुकडा तरंगत होता. आता गप्प बसलं, तर निवृत्तीपर्यंतच्या संध्याकाळी या गाजराबरोबर काढायच्या. शेजारी विनय मोमो चावत मुद्दाम रस्त्याकडे बघत होता.

"वो दवा नहीं है," ते शेवटी म्हणाले. "चटनी है. घर की."

डोल्मानं डबी ओढून घेतली. बोटाच्या टोकानं चटणी चाखली. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"तीन साल," ती म्हणाली. "मैं मजनू का टीला के मठ में जाकर आपके नाम का दिया जलाती रही."

"थँक यू," दादाराव म्हणाले.

विनयच्या हातातला मोमो तसाच राहिला.

डोल्मानं डबी ॲप्रनच्या खिशात टाकली आणि कढई तापवली. मूठभर लसूण पडला. लाल चटणीचे चार चमचे पडले. समोरची गिऱ्हाइकं खोकत मागे सरली. प्लेट पुढे ठेवून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

पहिल्या घासाला दादारावांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. चौथ्याला चष्मा काढून ठेवावा लागला.

"काका, पाणी आणू?" विनयनं विचारलं.

दादारावांनी मानेनंच नको म्हटलं. बोलायची सोय उरली नव्हती.

प्लेट रिकामी झाली. डोल्मा अजून तशीच उभी.

"और?"

दादारावांनी रुमालानं तोंड पुसलं आणि प्लेट पुढे केली.