मी दुधात हवा पकडली

आमच्या घरात मी अक्षरं शिकले ती बाबांच्या संघटनेच्या पत्रकांवरून. ‘जाहीर निषेध’ मला स्वतःच्या नावाआधी लिहिता आलं असावं.

एमएस्सीच्या प्रकल्पात मी हायड्रोजन पेरॉक्साइड ओळखणारा सेन्सर करत होते. कार्बनच्या इलेक्ट्रोडचं टोक मखमलीवर घासून आरशासारखं चकचकीत करायचं, त्यावर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा एक थेंब वाळवायचा. द्रावणात पेरॉक्साइड असलं की प्रवाह वाढतो. दूध नासू नये म्हणून काही जण ते दुधात घालतात, हे कळल्यावर मला कोण थांबवणार? विद्यानगरच्या आमच्या गल्लीतल्या दूधवाल्या चाचांचं दूध मी प्रयोगशाळेत नेलं. प्रवाह सरसर वाढला. त्याच संध्याकाळी ‘चाचांच्या दुधात पेरॉक्साइड’ असं माझं पत्रक आमच्या फाटकावर! तीन घरांनी चाचांचं दूध बंद केलं. मी हवेत.

दोन दिवसांनी आमच्या मॅडमना आलेख दाखवला. त्या इथल्याच जुन्या मराठी वकील घराण्यातल्या, उलटतपासणी रक्तातच.

“नायट्रोजन किती वेळ सोडलास?”

“दुधात नाही सोडला, मॅडम. फेस होऊन सगळं उतू जातं.”

“म्हणून विरघळलेला ऑक्सिजन तसाच ठेवलास? या व्होल्टेजला तोही प्रवाह देतो, बाई. तू पेरॉक्साइड नाही, हवा पकडलीस.”

दूध पातळ करून, नायट्रोजन हळूहळू सोडून पुन्हा मोजलं. वाढ गायब.

चाचा कॅन धूत होते. मी सगळं कबूल केलं.

“तो मेरे दूध में हवा थी?”

“हौ चाचा. सबके दूध में रहती.”

“कागद पे तो ये नै लिखे तुम.”

“दुसरा लगाती मैं.”

“कागद नक्को. सुबे छे बजे इधर खडे हो के मुँह से बोलो.”

सकाळी सहाला मी कॅनशेजारी उभी राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, चूक माझी होती, दूध चांगलं आहे. एका मावशींनी डोळे बारीक केले. “ते असू दे. पाणी किती आहे?”

“अम्मा, उसका मशीन नै है इनके पास,” चाचा घाईघाईनं म्हणाले.

दोन घरं परत आली. तिसऱ्या घराची बेल मी स्वतः वाजवली. “आता पाकिटाचीच सवय झाली गं,” काकू म्हणाल्या. मी ते चाचांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते त्या घराचं एक लिटर दूध कमी आणू लागले.