मिशीतून शिरलेला समुद्र

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राची इतकी जय्यत तयारी केलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. आमचे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, बाभुळगावजवळच्या एका खेड्यात कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवतात. त्यांच्या शेतातून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र दिसेपर्यंत माणसाची कंबर मोडते. तरीसुद्धा त्यांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत, फवारणीच्या पंपाच्या बाजूला, खुंटीवर डायव्हिंगचा काळा रबरी सूट टांगलेला आहे. पहिल्यांदा अंधारात मी तो पाहिला तेव्हा कोणी माणूसच टांगलाय असं वाटून माझी बोबडी वळली होती.

साडभाऊंना नवीकोरी वस्तू सांगितलेल्या भावात घेणं म्हणजे पाप वाटतं. आणि भाव करतात म्हणजे भांडत नाहीत हो! दुकानदाराच्या घरचेच होऊन जातात. यवतमाळला कूलर घ्यायला माझ्यासोबत आले होते, तर दुकानदाराच्या मेहुण्यासाठी स्थळ सुचवून, चहा पिऊन, त्याच्या आईच्या गुडघेदुखीवर लेप सांगून उठले. कूलर मात्र घेतलाच नाही. बाहेर आल्यावर म्हणाले (मीही त्यांचा साडभाऊच), "माणूस चांगला हाय, साडभाऊ. त्याले घाट्यात कायले टाकाचं?" मी कपाळाला हात लावला. दिवसभर उन्हात फिरलो होतो मी!

अशा माणसाला डायव्हिंगचं वेड लागलं ते मालवणला. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोन्ही कुटुंबं तिथं गेलो होतो. तिथं सगळं सामान भाड्यानं देतात आणि हात धरून समुद्राच्या तळापर्यंत नेऊन आणतात. साडभाऊ मोठ्या रुबाबात खाली गेले आणि लगेच नाक फेंदारून, खोकत, डोळे लाल करून वर आले. चष्म्यात पाणी! पुन्हा गेले, पुन्हा तेच. मला म्हणाले, "एका माशाची शेपूट दिसली, साडभाऊ. बाकीचा मासा कोणाले दिसला कोण जाणे." परतीच्या वाटेवर आम्ही पोट धरधरून हसलो.

साडभाऊंच्या घरी पोचल्यावर मात्र हसू मावळलं. साडभाऊंचे वडील, ज्यांना सारं गाव आबाजी म्हणतं, हृदयाच्या दुखण्यानं बाजेला खिळलेले. आता फार ताण सोसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. आबाजींचा सगळा जन्म काळ्या मातीत गेला, समुद्र पाहिला तो कॅलेंडरवर. त्यांनी लेकाला जवळ बसवून विचारलं, "समुद्राच्या खाली काय हाय रे?"

साडभाऊ म्हणाले, "पाणी हाय, बाबा."

"पाणी तं इहिरीतबी हाय," म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून निजला. त्या क्षणी साडभाऊंचा चेहरा मी पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, "साडभाऊ, भाड्याचा चष्मा धोका देते. आपण आपला घेऊ. बाबा हाय तोवर एकडाव नीट पाहून येतो अन् त्याइले सांगतो." इतकं बोलून फोन ठेवला, माझं ऐकायला थांबतील तर शप्पथ.

आणि मग काय सांगू! त्या माणसानं घर डोक्यावर घेतलं. मोबाइलवर तासन् तास व्हिडिओ, आणि ओळखदेख नसलेल्या पाणबुड्यांना फोन. मालवणच्या प्रशिक्षकाला तर इतके फोन केले, की तो बिचारा यांचा नंबर पाहूनच "हां काका, बोला" म्हणायचा. त्यानं बजावलं की हवेची टाकी विकत घेऊ नका, ती इथंच भाड्यानं मिळते. आधी चेहऱ्याला बसणारा चष्मा घ्या. साडभाऊंना हे फार पटलं. "नाकापासून पायापर्यंत आपलं, हवा तेवढी भाड्याची," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. पायात घालायचे रबरी पंख पुण्याच्या कोणा हौशी माणसाकडून जुने मिळाले. स्वस्त का मिळाले ते पार्सल फोडल्यावर कळलं, एक मोठा होता आणि एक लहान. साडभाऊ खूश! "माहा डावा पाय तसाबी मोठाच हाय." सूटचे गुडघे फाटके होते, ते बोरी अरबच्या एका टायरवाल्या चाचांनी ट्यूबचे तुकडे लावून शिवून दिले. चाचा म्हणाले, "मियाँ, समंदर में पंचर हुआ तो मुझे मत बुलाना." पाण्यात खाली जायला कमरेला वजनाचा पट्टा लागतो. साडभाऊंनी बैलाच्या गळ्यातल्या पट्ट्यात जुन्या तराजूची लोखंडी वजनं ओवली. घुंगरं काढायची राहून गेली आणि नंतर त्यांनी ती मुद्दामच ठेवली. चष्मा तेवढा नवा घेतला, आणि नवा ट्रॅक्टर नेतात तसा कळंबला चिंतामणी गणपतीच्या पायावर नेऊन ठेवला. काचेवर कुंकवाचं बोट लागलं ते पुसायला तयार नाहीत. "देवाचं कुंकू पुसतेत का?" पहिल्या दिवशी विहिरीतलं सगळं जग त्यांना लालच दिसलं.

हो, सराव विहिरीत. तोंडात श्वासाची नळी, कमरेला घुंगरं. छुमछुम ऐकू आलं की शेजारच्या वावरातल्या बाया निंदण सोडून काठावर यायच्या. पण चष्म्यात पाणी शिरायचं ते शिरायचंच. पट्टा आवळून पाहिला, डोकं दुखलं. शेवटी मालवणच्या प्रशिक्षकानं फोटो मागवला आणि खो खो हसत सांगितलं, "काका, पाणी मिशीतून येतंय."

साडभाऊंची मिशी म्हणजे साधीसुधी नव्हे. ओठावरून दोन्हीकडं वळून गालावर चढलेली, मठ्ठा प्यायल्यावर जिला वेगळं पुसावं लागतं अशी. तिच्यामुळं चष्म्याची कड चामडीला चिकटेना. त्यांनी मिशीला मलम लावून पाहिलं, लोणी लावून पाहिलं, शेवटी ताईंच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या, परातीतली कणीक उचलून फट लिंपली. विहिरीतले मासे कणीक खायला तोंडाभोवती गोळा झाले! साडभाऊ वर येऊन नाचायचेच बाकी. "मासे आले, साडभाऊ, मासे! नाकाले गुदगुल्या करून राह्यले!" पण दिसला एकही नव्हता, कारण चष्मा काठोकाठ भरला होता.

उपाय एकच होता आणि तोच करता येत नव्हता. बाप जिवंत असताना आमच्याकडं कोणी मिशी काढत नाही. बाप गेल्यावरच ओठावर वस्तरा फिरतो. नुसता मिशीचा विषय निघताच ताई म्हणाल्या, "अभद्र बोलू नका, चुलीत घाला तो चष्मा!" साडभाऊ चिडले. दोघांचं भांडण बाजेपर्यंत गेलं.

"काहून भांडून राह्यले रे?" आबाजींनी विचारलं. साडभाऊंनी मान खाली घालून सांगितलं.

"मंग काढ मिशी."

"बाबा! बाप जित्ता असताना कोणी मिशी काढते का?"

"अन् मी मेल्यावर समुद्र पाहून येशीन, तं सांगशीन कोणाले? माह्या फोटोले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी आला, ऐकलं आणि उठून चालू लागला. आबाजींनी त्याला हाक मारून दम भरला, "तू नाही काढत तं मी काढतो, अन् माहा हात थरथरते." शेवटी अंगणात कार्यक्रम पार पडला. आरसा आबाजींनी स्वतः धरला होता. मिशीखालून निघालेला साडभाऊंचा चेहरा इतका कोवळा निघाला, की ताईंना हसावं की रडावं ते कळेना.

साडभाऊ त्याच तोंडानं, डोक्याला उन्हाचा दुपट्टा गुंडाळून, गाडीच्या तिकिटासाठी बाभुळगावला गेले. रस्त्यात ज्यानं ज्यानं तो उघडा ओठ पाहिला, त्यानं त्यानं तोंडात बोटं घातली. दुपारपर्यंत दारात ही गर्दी! बाया पदर तोंडाला लावून आल्या. शेजारघरून रिवाजाप्रमाणं पिठलं-भाकरीची टोपली आली. एकजण तर खांद्यावर तिरडीचा बांबू घेऊनच आला. आणि बाजेवर आबाजी टक्क जागे! "कोण मेलं बाप्पा?" टोपली आणि बांबू पाहून आबाजींनी सगळं ओळखलं. पिठलं-भाकर मागून घेतली, वर ठेचा मागितला. जेवून म्हणाले, "माह्या मरणाचं जेवण मीच खाल्लं. पिठल्यात मीठ कमी हाय." बांबूवाला हळूच काढता पाय घेत होता. त्याला म्हणाले, "थो बांबू ठेवून जाय, वालाच्या येलाले कामी येईन." दुःखाला आलेलं अख्खं गाव हसत घरी गेलं.

त्याच आठवड्यात मी साडभाऊंसोबत मालवणला गेलो. घुंगरांचा पट्टा प्रशिक्षकानं हात जोडून बाजूला ठेवायला लावला आणि आपला दिला. साडभाऊ पाण्याखाली गेले. मी नावेत बसून मनातल्या मनात चिंतामणीला हाका मारत होतो. ते लवकर वर आले नाहीत आणि मला प्रथमच त्याचा आनंद झाला. वर आले तेव्हा चष्मा आतून कोरडा ठणठणीत होता. नुसते माझे खांदे धरून गदागदा हलवत राहिले. घरी फोनही करू दिला नाही. म्हणाले, "पहिले बाबाले सांगीन, मंग बाकीच्याइले."

आबाजी पुढं उन्हाळ्यातच गेले. पण आम्ही परतलो त्या सकाळी ते उशीला टेकून वाटच पाहत होते. साडभाऊ चप्पल काढायची विसरून बाजेवर बसले आणि सुटले. पिवळे पट्ट्यापट्ट्यांचे मासे, बाजाराच्या दिवशी माणसं चालतात तसे घोळक्यानं चाललेले. दगडांना फुटलेली फुलं. वाळूत दडून बसलेला एक चपटा मासा, ज्याचे डोळे तेवढे हलत होते. साडभाऊ हातांनी मासे काढत होते, गाल फुगवून दाखवत होते. आबाजी लहान मुलासारखे ऐकत होते. मग मध्येच त्यांनी विचारलं, "खाली लय अंधार असन न रे?"

"नाही, बाबा. मलेबी तसंच वाटलं होतं. पण वरून उजेड येते. निळा-हिरवा. आपला हात आपल्याले दिसते."

"अन् एकटं वाटते का?"

"नाही वाटत. थो मालवणचा पोरगा हात धरून होता न."

आबाजी हळूच म्हणाले, "मंग काही भेव नाही. मंग जाता येते."

साडभाऊंचे हवेतले हात तिथल्या तिथं थांबले. आबाजी कशाविषयी बोलत होते ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. मग साडभाऊंनी बापाचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि पुन्हा पहिल्या माशापासून सांगायला सुरुवात केली.